प्रकल्प नोंदी: वनस्पती पेशी, प्राणी पेशी आणि मिठाचं पाणी

१९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपते ना संपते तोच तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक टेबलावर. आठवीच्या पोरींनी विषय आधीच ठरवून टाकलाय, वनस्पती पेशी आणि प्राणी पेशीतला फरक, कारण विचारलं तर "मॅडम, सोप्पाय, थर्माकोलच्या दोन पेशी करायच्या आणि टाचण्यांना लेबलं लावायची". हे मी इतकी वर्षं बघतेय की डोळे मिटून सांगू शकते, एक हिरवी चौकोनी, एक गुलाबी गोल, मागे तक्ता, परीक्षक येतात, तक्ता वाचतात, "छान छान" म्हणतात आणि पुढच्या टेबलावरच्या ज्वालामुखीकडे जातात. म्हटलं विषय चालेल, थर्माकोल नाही. जे काही दाखवायचं ते खऱ्या पेशीत दाखवायचं आणि मायक्रोस्कोपला मोबाईल लावून टीव्हीवर दाखवायचं, म्हणजे परीक्षकांना एक डोळा मिटून वाकायला नको.

पुस्तकातला तक्ता फळ्यावर काढला. पेशीभित्तिका (पेशीची बाहेरची भिंत), हरितलवकं (हिरवे दाणे), मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पिशवी), तारककाय (पेशी विभागताना लागणारं बारीक अंग). ठरलं असं की प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासायची, दिसली तर ठेवायची, नाही दिसली तर त्याच्यावर बोलायचं.

सामानाची स्थिती: दोन मायक्रोस्कोप, त्यातल्या एकाचा आरसा पार डागाळलेला. शिपाईमामांनी खाली मोबाईलचा टॉर्च ठेवून वर ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला, उजेड आधीपेक्षा चांगला. स्लाइड भरपूर, कव्हरस्लिप मोजक्याच, जपून वापरायच्या.

२१ नोव्हेंबर

कांदा. याच्यात नवीन काय म्हणा, पण सुरुवात इथूनच. खवल्याच्या आतल्या बाजूची साल चिमटीने ओढली, पाण्याच्या थेंबात पसरली, आयोडीनचा एक थेंब. शंभर पटीवर लांबट पेशी एकीला एक चिकटून, मध्ये फट अशी नाहीच, आणि प्रत्येकीत केंद्रक पिवळट तपकिरी. पोरींनी लगेच ओळखलं की केंद्रक मधोमध नाही, कडेला आहे, बहुतेक पेशींत भिंतीला लागून. तिथे थांबले मी. विचारलं, का बरं कडेला? मधली जागा तर मोकळी दिसतेय. ती मोकळी नाही, तिथे रिक्तिका आहे, वाढ पूर्ण झालेल्या पेशीत ऐंशी-नव्वद टक्के जागा तिनेच खाल्लेली असते, रंग घेत नाही म्हणून दिसत नाही, बाकीचा सगळा संसार पातळ थरात कडेला. तक्त्यातली "मोठी रिक्तिका" ही ओळ अशी आडून सापडली.

आकार मोजायचाय. आयपीसवर १८ हा फील्ड नंबर छापलेला आहे, तो ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे खालच्या भिंगाच्या, १० ने भागला की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १.८ मिमी. त्यात लांबीच्या दिशेने सहाएक पेशी मावल्या, म्हणजे एक पेशी साधारण ०.३ मिमी. पारदर्शक पट्टी ठेवून पडताळलं, जुळतंय. नुसत्या डोळ्याला ठिपका दिसेल इतपत मोठी आहे ही पेशी, हे ऐकून पोरी सालीचा तुकडा उजेडात धरून बघत बसल्या.

हरितलवक मात्र एकही नाही. अर्थात, कांदा जमिनीत अंधारात वाढतो, त्याला हिरवं व्हायचं कारण काय. पण तक्त्यात लिहिलंय "वनस्पती पेशीत हरितलवके असतात" आणि सगळ्या शाळा उदाहरण देतात कांद्याचं, हे कोणाला खटकत कसं नाही कोण जाणे. मुळांचंही तेच. ओळ बदलली: "हिरव्या भागातल्या पेशींत असतात".

२३ नोव्हेंबर

गालाच्या पेशी. टूथपिकचं बोथट टोक, प्रत्येकीने स्वतःच्याच गालाच्या आतून हलकेच फिरवायचं, एकीचं दुसरीने वापरायचं नाही, वापरलेलं थेट ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात. पाण्याऐवजी मेडिकलमधून आणलेलं ०.९ टक्क्यांचं सलाईन वापरलं. मिथिलीन ब्लू शाळेत नव्हतं, फिश टँकवाल्याकडे मिळालं, माशांना बुरशी लागते त्याच्यावर तेच देतात, पातळ करून घेतलं की काम भागतं.

या पेशी एकट्यादुकट्या पडलेल्या, कुठे चार-पाचांचा पुंजका, आकार धड गोल नाही धड चौकोनी नाही, कडा दुमडलेल्या. केंद्रक निळं आणि बऱ्यापैकी मध्यभागी. पन्नास-साठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), म्हणजे कांद्याच्या पेशीच्या लांबीत पाचेक बसतील. काही पेशींवर बारीक निळे ठिपके होते, ते तोंडातले जिवाणू, हे सांगितल्यावर दोघी उठून चूळ भरायला गेल्या.

पण खरं सांगायचं तर ही स्लाइड कांद्याच्या शेजारी ठेवून "बघा फरक" म्हणावं असं मला वाटत नाही. पोरींनी लिहिलं "वनस्पती पेशी चौकोनी, प्राणी पेशी गोल". आता स्नायूची पेशी लांब दोऱ्यासारखी असते, चेतापेशीला हातभर शेपूट असतं, गोल कुठे आहे? आणि पेरूचा गर चावताना कचकच लागतं त्या दगडपेशी बऱ्यापैकी गोलसर असतात. आकारावरून ओळखायला लावलं की मुलं चित्र पाठ करतात आणि पेशी राहून जाते. "आकार" ही ओळ कापली. पोरी हिरमुसल्या, त्यांना तीच सोपी होती.

२६ नोव्हेंबर

आज प्रकल्पाला खरी दिशा सापडली.

ऑफिससमोरच्या कुंडीत रिओ आहे, पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूने जांभळा पापुद्रा निघतो, तो पाण्याच्या थेंबात ठेवला. शंभर पटीवर काठोकाठ जांभळ्या बहुकोनी पेशी आणि त्यांच्यात मधेमधे पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या बारीक भोकांच्या, हिरव्या रक्षकपेशींच्या जोड्या. म्हणजे एकाच पापुद्र्यात हिरवी पेशी पण आहे आणि बिनहिरवी पण, परवाच्या ओळीला पुरावा आयताच मिळाला. जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो, त्यामुळे कांद्यात जी रिक्तिका न दिसता सांगावी लागली ती इथे रंगीत होऊन समोर.

मग १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ. स्लाइड हलवायची नाही, कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिश्यू पेपर टेकवायचा, तो साधं पाणी शोषतो आणि मिठाचं पाणी आपोआप आत ओढलं जातं. थोडा वेळ काहीच नाही. मग एका पेशीच्या कोपऱ्यात जांभळा रंग भिंतीपासून सुटला. आधी कोपरे, मग बाजू, रंग आत आत सरकत गेला आणि जसा आकसला तसा गडद झाला, शेवटी पेशीच्या मध्यात एक जांभळा गोळा आणि भोवती भिंतीची रिकामी चौकट, जिथल्या तिथे, इंचभर हलली नाही. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात आणि दोन ओळींत संपवतात.

एकीने प्रश्न विचारला तो लिहून ठेवतेय. "मॅडम, गोळा आणि भिंत यांच्या मधल्या जागेत काय आहे, हवा का?" हवा नाही, मिठाचंच पाणी. भिंतीतून मीठ-पाणी खुशाल ये-जा करतं, तिला अडवायचं माहितीच नाही, अडवतं ते आतलं पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण. म्हणजे भिंत आणि पटल ही दोन वेगळी अंगं आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत, हे आजवर चित्रातल्या दोन समांतर रेषा म्हणून माहीत होतं, आज एकीपासून दुसरी सुटताना दिसली. लगेच उलट बाजूने साधं पाणी दिलं, गोळा फुगत फुगत परत भिंतीला जाऊन टेकला. टाळ्या.

जोडीला उकळत्या पाण्यात बुडवलेल्या पानाचा पापुद्राही बघितला. रंग बाहेर पसरलेला आणि मीठ घालून काही होत नाही, कारण पटलच मेलंय. भिंती मात्र शाबूत. हे तुलनेसाठी ठेवायचंच.

तक्त्यात दोन ओळी वाढवल्या: साध्या पाण्यात ठेवलं तर काय होतं, खारट पाण्यात ठेवलं तर काय होतं. मला आता वाटतंय या दोन ओळींवरच अख्खा प्रकल्प उभा करावा, बाकीच्या ओळी कोणीही पाठ करून सांगेल.

२९ नोव्हेंबर

साध्या पाण्याची बाजू. सुकलेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की तासाभरात ताठ होते हे घरात सगळ्यांना माहीत, प्रश्न असा की पाणी आत जातच राहिलं तर पेशी फुटत का नाही? पाणी आत शिरतं, पटल भिंतीवर दाबलं जातं, भिंत उलटा दाब देते आणि एका मर्यादेला पाणी आत जायचं थांबतं. हा दाब साधारण ३ ते १० वातावरणाइतका, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या ३ ते १० पट भरतो. कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते, म्हणजे दोन-सव्वादोन वातावरण. कोथिंबिरीच्या पानातली पेशी टायरपेक्षा टाईट, हे वाक्य पोरींनी पोस्टरसाठी उचललं. झाडाला हाडं नाहीत, कोवळ्या भागाला लाकूडही नाही, तो उभा राहतो या दाबावर.

पर्णरंध्रांचंही तेच यंत्र. रक्षकपेशीची भोकाकडची भिंत जाड, बाहेरची पातळ, पाणी भरलं की पेशी बाहेरच्या अंगाला वाकते आणि भोक उघडतं. रिओला मीठ दिलं तेव्हा रंध्रं मिटलेली दिसली होती, तेव्हा सगळं लक्ष जांभळ्यावर होतं. व्हिडिओत आहे, कापून वेगळं करायचंय.

बटाट्याच्या सारख्या लांबीच्या कांड्या साध्या आणि खारट पाण्यात ठेवल्यात. उद्या मोजू. (मोजल्या: साध्या पाण्यातली कडक आणि किंचित लांब, खारट पाण्यातली आखूड आणि बोटाभोवती वाकेल इतकी लिबलिबीत.)

१ डिसेंबर, रविवार

प्राणी पेशीच्या बाजूला अडचण आहे. गालाच्या पेशीवर साधं पाणी घातलं, नुसतं बघत बसलो, काही फुटलं-बिटलं नाही. त्या पेशी गालाच्या वरच्या थरातल्या, चपट्या, चिवट, सुटून पडायच्या बेतातल्या, त्यांच्यावर हा प्रयोग दिसत नाही. अंड्याचं व्हिनेगरमधलं ते प्रसिद्ध प्रकरण पोरींनी सुचवलं, कवच विरघळवायचं आणि अंडं पाण्यात फुगवायचं. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याची ये-जा, दाखवायला उत्तम, पण तिथे जे पटल फुगतं ते कवचाच्या आतलं आवरण आहे, पेशीचं पटल नव्हे, त्यामुळे आमच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. राहिलं रक्त. पोरींच्या बोटाला सुई लावायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

मार्गशीर्ष लागतोय म्हणून मटणाच्या दुकानात आज ही गर्दी. बकऱ्याचं ताजं रक्त स्टीलच्या डब्यात घेतलं आणि तिथेच स्वच्छ काडीने ढवळत राहिले, गुठळीचे धागे काडीला गुंडाळून येतात आणि उरलेलं रक्त पातळ राहतं. लोक बघत होते, बघू देत. घरी हातमोजे घालून तीन टेस्ट ट्यूब: ०.९ टक्के सलाईन, डिस्टिल्ड वॉटर आणि ३ टक्के मीठ, प्रत्येकीत रक्ताचे दोन-दोन थेंब, मागे वर्तमानपत्र धरलं.

सलाईनची ट्यूब लाल पण गढूळ, मागचं एक अक्षर वाचता येईना. डिस्टिल्ड वॉटरची ट्यूब काही क्षण गढूळ आणि मग बघता बघता आरपार स्वच्छ, लाल काचेतून बघावं तशी, मागची हेडलाईन सरळ वाचता आली. पेशी फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन पाण्यात मिसळलं, उजेड अडवायला पेशी उरल्याच नाहीत. ३ टक्केवाली गढूळच. संध्याकाळपर्यंत सलाईनमध्ये लाल गाळ तळाला बसला आणि वर नितळ पाणी, डिस्टिल्डमध्ये सगळीकडे एकसारखा लाल रंग, बसायला काही शिल्लक नाही. प्राणी पेशीला भिंत नाही म्हणजे नेमकं काय नाही, ते मला कुठल्याही आकृतीपेक्षा या ट्यूबमध्ये जास्त दिसतं. दवाखान्यात शिरेतून साधं पाणी का देत नाहीत, सलाईनच का, त्याचंही कारण हेच.

मायक्रोस्कोपखाली मात्र बकऱ्याचं रक्त कामाचं नाही, त्याच्या तांबड्या पेशी जेमतेम ३-४ मायक्रॉनच्या, माणसाच्या निम्म्या, ४०० पटीवरही नुसती रवाळ धूळ. कोंबडीच्या लांबट आणि चांगल्या १२ मायक्रॉनच्या, वर पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं जे आपल्या नि बकऱ्याच्या पेशीत नसतं, त्यामुळे स्लाइडला कोंबडी. पण ट्यूबला कोंबडी नको, पेशी फुटल्या तरी केंद्रकं मागे उरतात आणि पाणी गढूळच राहतं. म्हणून ट्यूबला बकरा, स्लाइडला कोंबडी. हा प्रयोग कोणी वाचून करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा.

खारट पाण्यात कोंबडीच्या पेशी आकसून कडा वेड्यावाकड्या झाल्या, मागे चौकट वगैरे काही राहत नाही, पेशी अख्खीच्या अख्खी लहान होते. रिओच्या व्हिडिओशेजारी हा ठेवायचा. सगळं रक्त ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर, मग विल्हेवाट. प्रदर्शनात फक्त व्हिडिओ, ट्यूब नेणार नाही.

४ डिसेंबर

पोरींचा प्रश्न: भिंत नाही तर गोड्या पाण्यातला अमिबा फुटत का नाही? त्याच्याकडे आकुंचनशील रिक्तिका असते, आत शिरलेलं पाणी गोळा करून बाहेर फेकत राहते. वाळलेलं गवत भिजवून ठेवलेल्या पाण्यात पॅरामेशियम हे एकपेशीय जीव सापडले, एक कापसाच्या तंतूत अडकून स्थिर झाला तेव्हा त्याच्यात स्वच्छ गोल ठिपका भरताना आणि फटकन नाहीसा होताना दिसला. आपल्या पेशींना हा उद्योग करावा लागत नाही कारण मूत्रपिंडं रक्तातलं मीठ-पाणी सांभाळून ठेवतात. म्हणजे पाण्याचा प्रश्न सगळ्यांनाच आहे, झाडाने भिंत बांधून सोडवला, प्राण्याने बाहेरचं पाणीच सांभाळून.

भिंतीची किंमतही आहे. भिंतीत बसलेली पेशी जागा सोडून जाऊ शकत नाही. आपली पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या फटीतून पिळून बाहेर पडते, जंतू गिळते, झाडाला हे जमत नाही. मग शेजारी पेशींमध्ये देवाणघेवाण कशी? भिंतीला आरपार बारीक भोकं असतात, त्यांतून पेशीद्रवाचे धागे जातात, ते पहिल्यांदा एडुआर्ड टांगल याने १८७९ मध्ये बियांच्या गरात पाहिले आणि त्यातली एक बी आपल्या काजऱ्याची! शाळेमागच्या कातळाजवळ काजरा आहे, पोरींना तो "विषारी, हात लावू नका" एवढाच माहीत. हात लावायचा नाहीच, फोटो काढून पोस्टरवर लावतोय.

तारककायाची ओळ डोळ्यांनी तपासता येणार नाही, आमच्या मायक्रोस्कोपची ती कुवत नाही. फक्त "उच्च वनस्पतींत नसते" असं लिहिलं, कारण नेचे आणि शेवाळांच्या पोहणाऱ्या नरपेशींत ते असतं.

७ डिसेंबर

फिश टँकवाल्याकडून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली. पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं, कापायची गरजच नाही, अख्खं ठेवायचं. मधल्या शिरेजवळच्या लांब पेशींत हिरवे दाणे एकामागे एक पेशीच्या कडेकडेने फिरत होते, मधून कोणी जात नाही कारण मध्ये रिक्तिका. टॉर्चची ऊब लागली की वेग वाढतो. झाडाची पेशी म्हणजे मख्ख बसलेली असा समज असेल तर हा व्हिडिओ बघावा.

आणि एक गोष्ट पोरींना सांगितली, जाम आवडली. १८३७ च्या सुमारास बर्लिनमध्ये श्लायडन आणि श्वान जेवायला बसले होते, श्लायडन झाडांचा माणूस, तो पेशीतल्या केंद्रकाबद्दल बोलत होता, आणि श्वानला आठवलं की बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या पृष्ठरज्जूत (पाठीतल्या आधाराच्या दांड्यात) आपण अगदी असंच बघितलंय. श्वाननेच पुढे ही आठवण सांगितली. नेमका पृष्ठरज्जूच का? कारण तिथल्या पेशींत मोठ्या रिक्तिका असतात, त्या पाण्याने फुगतात आणि बाहेरचं चिवट आवरण त्यांना दाबून धरतं, त्यामुळे तो दांडा ताठ राहतो. प्राण्याच्या शरीरात झाडाची युक्ती. दोन्ही बाजूंत साम्य आहे हे १८३९ ला श्वानने छापून सांगितलं, आणि आपण शाळेत फक्त फरकच शिकवत बसलोय.

१४ डिसेंबर

प्रदर्शन झालं. टीव्ही लावायला प्लग पॉइंट कोपऱ्यात मिळाला, गर्दी तरी झाली. रिओचा प्रयोग पोरींनी परीक्षकांसमोर प्रत्यक्ष केला, थेंब सोडल्यावर "थांबा सर, कोपऱ्याकडे बघा" असं दटावून सांगितलं. दुसरा नंबर. पहिला ज्वालामुखीला नाही, ठिबक सिंचनाच्या टायमरला, योग्यच.

एका परीक्षकांनी विचारलं, "बुरशी कुठे बसवाल तुमच्या तक्त्यात?" पोरींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकीने बरोबर सांगितलं की तिला भिंत असते पण सेल्युलोजची नाही, कायटिनची, हरितलवक नसतं. पुढचं मी नंतर सांगितलं की साठवण स्टार्चची नाही, आपल्या यकृतात असतं त्या ग्लायकोजेनची. म्हणजे पाण्याच्या परीक्षेत ती झाडाच्या बाजूला उभी राहणार आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत आपल्या बाजूला. तक्त्याला तिसरा रकाना करावा लागेल, जिल्ह्याला जाताना.

१६ डिसेंबर

बेकरीतून सुकं यीस्ट आणलं, कोमट साखरपाण्यात टाकलंय. ४०० पटच लागेल, १०० ला ठिपके दिसतात फक्त. मिथिलीन ब्लू उरलंय, त्यात मेलेलं यीस्ट निळं होतं आणि जिवंत बिनरंगाचं राहतं, त्यामुळे मिठाच्या पाण्याने मेलं की नुसतं आकसलं ते कळेल. कव्हरस्लिप संपल्या, मागवायच्या. रिओला पाणी घालायचं काम सातवीच्या पोरांकडे दिलंय, मागे लागायला हवं.